औषधांच्या कपाटाची किल्ली

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. एकाच घरात नांदायच्या आणि एकाच प्रसूतिगृहात नर्स म्हणून राबायच्या. थोरली तिथली जुनी सिस्टर; धाकटीला तिनंच शब्द टाकून तिथं चिकटवलं होतं. त्यामुळे बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावरची नवी उपचारपद्धती शिकून यायला मोठ्या डॉक्टरीणबाईंनी धाकटीला पाठवलं, तेव्हा थोरलीच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेचना.

परत आल्यावर धाकटी सगळ्यांना शिकवू लागली. रक्त किती गेलं ते नजरेनं ठरवायचं नाही, बाईच्या खाली मापाच्या खुणांची पिशवी लावून मोजायचं. धोक्याची खूण ओलांडली की पोट चोळणं, इंजेक्शन, सलाइन सगळं एकदम सुरू करायचं, कुणाची वाट बघत बसायचं नाही.

"ताई, इंजेक्शनं ट्रेमध्ये काढून प्रसूतीच्या खोलीतच ठेवूया का? कपाट उघडण्यात वेळ जातो."

"औषधांची जबाबदारी माझी आहे," थोरली म्हणाली. "किल्ली माझ्याकडेच राहील. लागलं की माग."

त्या दिवशी घरी जेवताना सासूबाईंनी धाकटीचं कौतुक लावलं. थोरली ताटावरून उठली.

पुढच्याच आठवड्यात एक पहिलटकरीण बाळंत झाली. थोरली नुकतीच चहाला खाली गेली होती. पिशवीतलं रक्त बघता बघता खुणेच्या वर गेलं. धाकटीनं पोट चोळायला घेतलं, दुसऱ्या नर्सला सलाइन लावायला सांगितलं आणि आयाबाईंना किल्लीसाठी पिटाळलं. थोरली धापा टाकत वर आली. कपाटाचं कुलूप उघडायला लागली.

"ताई, इंजेक्शन," आतून धाकटीचा आवाज आला. त्यात राग नव्हता, नुसती घाई होती.

इंजेक्शन गेलं, रक्त थांबलं. बाळंतीण पांढरीफटक पडली होती, पण वाचली.

"इंजेक्शनला उशीर का झाला?" डॉक्टरीणबाईंनी दोघींना विचारलं.

"कपाट जरा लांब पडतं, मॅडम," धाकटी म्हणाली.

तिनं आपल्याला पाठीशी घालावं, हे थोरलीला सगळ्यात जास्त झोंबलं. "लांब नाही," ती म्हणाली. "हिनं ट्रे मागितला होता. मी दिला नाही."

संध्याकाळी थोरलीनं स्वतः ट्रे लावला. धाकटी शेजारी उभी होती.

"सुया इकडच्या बाजूला ठेवल्या तर, ताई?"

"मला शिकवू नकोस," थोरली म्हणाली, आणि सुया धाकटीनं सांगितलेल्या बाजूलाच सरकवल्या.

धाकटीच्या पुढच्या वर्गाला ती मागच्या खुर्चीवर जाऊन बसली. ही अडखळावी म्हणून मुद्दाम अवघड प्रश्न विचारला. धाकटीनं क्षणभर विचार करून नीट उत्तर दिलं. थोरलीचा जीव पुन्हा जळला. उत्तर मात्र तिनं पक्कं ध्यानात ठेवलं.