जोलोफ भाताची चेटकीण

रविवारी प्रार्थनेच्या मांडवात मुंगी शिरायला जागा नव्हती. शनिवारी मयताचं जेवण जेवलेली चाळीसेक माणसं ओकून ओकून आडवी झाली होती. प्रेषित जोशुआंच्या बाटलीतलं मंतरलेलं पाणी पिऊन त्यांतली बरीचशी आज उभी होती. सगळ्यात पुढे शाळेत विज्ञान शिकवणारे एबो क्वान्साह मास्तर.

“साक्ष द्या, मास्तर!”

“पाणी प्यालो अन् सकाळी ठणठणीत!” मास्तरांनी वर एक हालेलुयाही ठोकून दिलं.

“हे चेटूक होतं!” प्रेषित गरजले. “जिनं भात रांधला, तीच चेटकीण!”

टोमॅटो-मिरचीतला तो जोलोफ भात रांधला होता मास्तरांच्या शेजारच्या विधवेनं, एसीमावशीनं. लोकांनी तिचं बोचकं रस्त्यावर फेकलं. संध्याकाळच्या आत गाव सोड, म्हणाले. आपल्याच साक्षीचा हा प्रताप पाहून मास्तर दवाखान्यात नर्स अराबाकडे धावले.

“भात शिजवला कधी?” तिनं विचारलं.

“शुक्रवारी संध्याकाळी. रात्रभर मोठ्या पातेल्यात होता. मावशीला मदत म्हणून झाकण मीच घट्ट लावलं. शनिवारी गरम करून वाढला.”

“छान ऊब दिलीत जंतूंना! बॅसिलस सेरियस. त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात वाढून विष सोडतात, अन् ते विष पुन्हा तापवूनही जात नाही. काही तासांत ओकाऱ्या, अन् बहुतेक जण दिवसाभरात आपोआप बरे. शाळेत जंतू शिकवता ना?”

“परीक्षेलाही विचारतो,” मास्तर पुटपुटले.

ते धावतच मांडवात परतले. “ज्यांनी नुसती मक्याची केंकी आणि मासे खाल्ले, त्यांतलं कोण ओकलं?”

एकही हात वर झाला नाही.

“भात खाऊन ओकले, पण पाणी प्याले नाहीत, असे कोण?”

अकरा हात वर झाले. अकराही जण धडधाकट. पहिला हात मास्तरांच्या सासूबाईंचा.

“त्यांच्यावर माझी सावली पडली, तिनंच ते बरे झाले!” प्रेषित म्हणाले.

“सावली?” सासूबाई कडाडल्या. “मेल्या, मी दिवसभर संडासात होते!”

मांडव हसला. प्रेषितांना मागच्या वाटेनं निघण्याची घाई झाली.

मास्तर हसले नाहीत. “चेटूक नव्हतं, भात शिळा होता. अन् तो झाकून ठेवणारा शहाणा मी. शिजवलेला भात गरमच खा, नाहीतर पसरून लगेच थंड करा. अन् कुणी चमत्कार सांगितला, तर एवढंच विचारा: ज्यांनी तो उपाय केला नाही, त्यांचं काय झालं? मी विचारलं नाही, म्हणून एका बाईचं घर मोडत होतं.”

मांडवाबाहेर रस्त्यावर उभ्या एसीमावशीनं बोचकं उचललं. “माफी नंतर मागा, मास्तर,” ती म्हणाली. “आधी माझ्या घराचं दार उघडा. या लोकांनी बाहेरून कुलूप घातलंय.”