शिक्क्याचा काटा

"शिक्का बघ की आदी, मंग त्वांड उघड!" नानासो शेठ दांडीवर बोट आपटून म्हणाला. "सरकारचा हाय. तुज्या मेंढरांचा न्हवं."

दगडाबाईनं शिक्का बघितला. काळ्या लोखंडावर चिमटीएवढं शिसं, त्यावर कसलीतरी अक्षरं. आठ महिने मेंढरामागं रान तुडवून आणलेली लोकर फळीवर पडली होती आणि काटा तिच्यातला घास गिळल्यासारखा बोलत होता.

"शेठ, ह्या हातानं लोकर कातरून माजं केस पिकलं. हाताला कळतंय की वजन."

"मंग हातावरच शिक्का मारून घे सायबाकडनं. येनार हायती आज."

दुकानापुढं बसलेले सगळे फिदीफिदी हसले. दगडाबाई हसली नाही. रांड-मुंड बाई, पदरात साठ मेंढरं. तिला हसणं परवडत नव्हतं. ती लोकरीच्या गाठोड्यावर बूड टेकून बसली. "येऊंद्यात की साहेब. मी बी बघतीया."

चैताचं ऊन असं, की माणदेशाकडून येणारा वारासुद्धा भट्टीतून काढल्यासारखा. दुपारी जीप आली. वजनंमापं तपासणारे साहेब उतरले. आधी पोट, मग साहेब. काटा तपासायची वजनं मात्र उतरली नाहीत.

"जड लय असतात ती," साहेब म्हणाले. "ऑफिसातच ठेवलीत. आमच्या नजरेलाच कळतं."

नजर आधी कोंबड्याच्या रश्शावर चालली. नानासोनं ओसरीवर पाट मांडला होता. तिसरी भाकरी मोडताना साहेबांना कंठ फुटला. "डॉक्टर म्हणतात वजन उतरवा. सकाळीच मिरज स्टेशनवर यंत्रात नाणं टाकलं. हे बघा, चौऱ्याऐंशी किलो!" त्यांनी खिशातलं तिकीट काढून सगळ्यांना दाखवलं.

फौजेतून पेन्शनीत आलेल्या हंबीररावानं ते उलटून वाचलं. "मागं भविष्य बी हाय. आप न्यायप्रिय व्यक्ति हैं." आणि त्यानं मिशीतल्या मिशीत हसू दाबलं.

हात धुऊन साहेबांनी शिक्क्याचा ठोकळा काढला. काट्यापाशी गेले, दांडीला टिचकी मारली. "उत्तम!"

"आवं सायेब," दगडाबाई उठली. "वजनं न्हाईत तर न्हाईत. तुमी हायसा की. चढा वर."

"म्हंजे?"

"तुमचं वजन सरकारी. तिकिटावर ल्हिवलंय."

नानासो मधे पडला. "ये बाई, अक्कल हाय का? साहेबास्नी काय पोतं समजलीस?"

पण हंबीरराव पुढं सरसावला. "चढा साब, चढा! कमर सीधी!" गर्दी हसायला लागली आणि साहेबांना वाटलं आपलं कौतुक चाललंय. ते चढले. हंबीररावानं दांडीवरचं वजन सरकवलं, पुन्हा सरकवलं, आणि परेडला ओरडावं तसा ओरडला, "सत्त्याहत्तर!"

"सात किलो कुटं गेलं वं?" दगडाबाईनं विचारलं. "रश्शासकट?"

गाव लोळायला लागला. साहेबांचा चेहरा वांग्यागत झाला. काटा खोटा म्हणावं, तर गेली चार वर्षं त्यावर शिक्का कुणी मारला? पोटात तर कोंबडा अजून आरवत होता.

"रेल्वेची यंत्रं बिघडलेलीच असतात!" साहेब खेकसले आणि त्यांनी धाडकन शिक्का मारला. "हा काटा अचूक आहे. वर्षभर!"

 संपलं, असं दगडाबाईला वाटलं. मग तिच्या ध्यानात आलं.

"बरं सायेब. आनि आत पोत्यांमागं दुसरा काटा हाय, माल इकायचा. त्येला न्हाई का शिक्का?"

नानासोचं तोंड उघडंच राहिलं. त्या आतल्या काट्यावर घेतलेली पेंड घरी जाईस्तोवर आटायची, हे गावाला ठाऊक होतं. त्याला शिक्का कधी लागलाच नव्हता; त्याची फी शेठ वाचवायचा.

साहेबांना आता कडक दिसायची गरज होती. "बिनशिक्क्याचा काटा? जप्त करा! घेणं-देणं सगळं या एकाच काट्यावर. हुकूम मोडलात तर दुकानाला कुलूप!" जप्त काटा जीपमधे टाकून साहेब धुरळा उडवत गेले.

दगडाबाईनं गाठोडं उचललं. "माजी लोकर सांगलीच्या बाजारात जाईल शेठ. मला पेंड द्या. ह्येच्यावर मोजा."

नानासोनं मोजली. काटा पाच किलो म्हणाला. पोतडी उचलताना दगडाबाईच्या हाताला अर्धा किलो जास्तच लागली. तिनं ते मोठ्यानं सांगितलं.

संध्याकाळपर्यंत दुकानापुढं रांग लागली. पेंड, सरकी, मीठ, जोंधळा. वर्षभराचं सामान न्यायला शेजारच्या वाडीतले बैलगाड्या घेऊन आले. आणि विकायला माल घेऊन? कुत्रंसुद्धा आलं नाही.

आठव्या दिवशी नानासोनं अर्ज केला. 'माझा काटा खोटा आहे, माप कमी दाखवतो, तरी मेहेरबानांनी रद्द करावा.' साक्षीदार पाहिजे होता. त्यानं दगडाबाईला बोलावलं.

"आंगठा दे बाई. तूच म्हनत हुतीस न्हवं, काटा खोटा म्हनून?"

"देते की." तिनं शाईत अंगठा बुडवून कागदावर जोरात दाबला. "खरं बोलनाऱ्याला आडवू न्हाई."

महिन्यानं उत्तर आलं. हंबीररावानं पारावर सगळ्यांसमोर वाचलं. 'सदर काटा तपासला असून अचूक आहे. तक्रार खोडसाळ वाटते. पुन्हा केल्यास कारवाई होईल.'

नानासो डोकं धरून बसला. दगडाबाई त्याच्या शेजारी टेकली आणि मायेनं म्हणाली, "आता कळलं व्हय शेठ, सरकारापुढं गरिबाचं कोन ऐकत न्हाई त्ये? उटा, दुकान उघडा. मला दहा किलो जोंधळा पायजे."