बुखारीपाशची जागा

किल्ली फिरवली तर आत नुसतं 'टक्'. परत फिरवली. टक्. तिसऱ्यांदा तेवढंही नाही.

गुर्मेतनं स्टिअरिंगवर मूठ आपटली. शेजारच्या सीटवर दोन रजयांत गुंडाळलेली त्याची बायको, कुनझेस. तोंड तेवढं बाहेर, तेही इतकं सुजलेलं की डोळे शोधावे लागत होते.

"गेली का?" तिनं विचारलं.

"धुगधुगी आहे अजून."

"मग आधी तिला ने मशीनवर. मी थांबते."

ती हसली आणि हसण्यानंच धापा टाकू लागली. आठवड्यातून दोनदा लेहच्या इस्पितळात तिचं रक्त मशीनमधून धुऊन काढावं लागे. गेली पाळी बर्फानं रस्ता बंद झाला म्हणून हुकली होती. आजची हुकली तर काय, हे डॉक्टरनं गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. कळायचं ते कळलं होतं.

तारमोक गावात हिवाळ्यात गाडी बाहेर झोपते आणि तिची बॅटरी घरात. संध्याकाळी पाना घ्यायचा, जोडण्या सोडायच्या, आणि तान्हं पोर आणावं तशी बॅटरी पोटाशी धरून आत आणायची, बुखारीपाशी, घरातल्या लोखंडी शेगडीजवळ, ठेवायची. बाहेर राहिली तर सकाळी दगड. गुर्मेतची बॅटरी म्हातारी झाली तशी तो तिला बुखारीच्या आणखी जवळ सरकवू लागला. "बघा, सवत आली," कुनझेस शेजारणींना सांगे. "ऊब तिला, भिंत मला."

लेहच्या रामबरन मिस्त्रीनं पानगळीतच सांगितलं होतं, "भाईजी, हिच्यात आता राम नाही. बदला." पैसे तयार होते. पण लेहला गेलं की कुनझेस मशीनला जोडलेली, आणि तिच्या मुठीत गुर्मेतची दोन बोटं. "तू उठलास की ते यंत्र वेगळाच आवाज करतं," असं म्हणायची. मग कसला उठतोय? तिला सोडवून बाहेर पडेपर्यंत मिस्त्रीचं शटर खाली. असा अर्धा हिवाळा गेला.

आणि आज लोसार. वर्षाचा पहिला दिवस.

खालच्या गावच्या अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर फोन उचलेना. तारमोकमधली दुसरी गाडी एकच, शेजारच्या मुतुपची. तिचीही बॅटरी अर्थात घरात.

"जुले, आचो!" मुतुप दारातच भेटला. तोंडाला छांगचा, जवाच्या दारूचा, वास. "ये, बस, पी."

"बसायला वेळ नाही. तुझी बॅटरी दे जरा. केबल लावतो, गाडी सुरू झाली की लगेच आणून देतो. कुनझेसला न्यायचंय."

मुतुपचं हसू विरलं. त्यानं मागं पाहिलं. मागं त्याची आई, आबी यांगझोम, जपमाळ ओढत बसलेली.

"आज?" म्हातारी म्हणाली.

"आज, आबी-ले."

"लोसारच्या दिवशी या घरातून मिठाचा खडा बाहेर जात नाही. माझ्या सासूनं जाऊ दिला नाही, तिच्या सासूनं दिला नाही. वस्तूमागोमाग घराची बरकत जाते."

"बॅटरी आहे आबी-ले, मीठ नाही."

"रात्रभर माझ्या चुलीपाशी होती ना? मग घरचीच झाली."

"मुतुप, तू तरी बोल."

मुतुप आपल्या बुटांकडे बघत राहिला. गावभर मोठ्या गप्पा मारणारा गडी, पण आईसमोर त्याची जीभ टाळ्याला चिकटे.

"उद्या पहाटे ये, बाळा," म्हातारी मायेनं म्हणाली. माया खरी होती, ती काही ढोंग करत नव्हती. "मी स्वतः उचलून देते."

"उद्या कुणाला नेऊ, आबी-ले?"

माळेचे मणी सरकत राहिले.

मग गाव मदतीला आलं. नवे पायघोळ गोंचे घातलेले बाप्ये, कमरपट्टे आवळत, थट्टा करत. एकानंही अंग चोरलं नाही. "ढकला रे, नवं वर्ष ढकला!" कुणीतरी ओरडलं. हात द्यायला कुणाचीच ना नव्हती. हात संध्याकाळी घरी परत येतात. गाडी ढकलली, घसरली, परत ढकलली. गुर्मेत गिअर टाकी तशी चाकं बर्फावर नुसती फरफटत. थंड डिझेलनं दाद दिली नाही. माणसं घामेजली आणि घाम मिशांवर गोठला. त्यातला प्रत्येक जण मुतुपच्या दारावरून आला होता. बॅटरी कुठं आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हातारीला दोन शब्द सुनवायला मात्र एकाच्याही तोंडात जीभ नव्हती. गाव वाईट असतं तर त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या. बरकत जाऊ नये, मग माणूस गेला तरी चालेल, असं तोंडानं कुणी म्हणालं नाही. ढकलत राहिले, झालं.

ऊन डोंगरावरून उतरून जवाच्या शेतांत आलं तेव्हा लोक दम खायला छांगकडे वळले. गुर्मेत एकटा राहिला. मुतुपच्या घरामागून कुणीतरी शीळ घातली.

गोठ्याच्या खिडकीत डिस्केत, मुतुपची बायको. पोराच्या दुपट्यात गुंडाळलेली बॅटरी तिनं खिडकीच्या चौकटीवर टेकवली होती.

"धर, आचो-ले. हात तुटले माझे."

"आबी?"

"दार राखत बसलीय. खिडकीचं काही बोलली नाही ती."

"कळलं तर घराबाहेर काढील तुला."

"काढू दे. मीही बाहेरूनच आलेय. बोलत काय बसलास, पळ!"

केबल लावली. इंजिन खोकलं, थुंकलं, आणि काळा धूर सोडून सुरू झालं. गुर्मेतनं बॅटरी दुपट्यासकट खिडकीतून परत दिली. डिस्केतनं ती छातीशी घेतली आणि खिडकी लावून घेतली. आभार मानायला सवडच नव्हती.

"सुरू झाली एकदाची?" कुनझेसनं डोळे न उघडता विचारलं.

"झाली."

"आज बदलूनच ये. मी नाही धरून ठेवत."

"बरं."

"खरंच जा हं. बोटं सोडीन मी."

त्यानं हीटर पूर्ण सोडला. नदीकाठच्या वळणांवर तो एकसारखा बोलत राहिला: डिस्केतला काय न्यायचं, पोराला कुठली टोपी. पुलापर्यंत ती हुंकार देत होती. पुलानंतर हुंकार थांबले. गुर्मेतनं बोलणं थांबवलं नाही, आणि डावीकडे मान वळवली नाही.

इस्पितळाच्या दारात डॉक्टर गाडीपाशीच आला. गळ्यावर बोटं ठेवली, पापणी उचलून पाहिली. "सकाळी आणलं असतं तर," तो म्हणाला. हे वाक्य या लोकांना कुठल्या वर्षाला शिकवतात कोण जाणे.

गुर्मेतनं रजई तिच्या गळ्यापर्यंत ओढली आणि गाडी वळवली. इंजिन चालूच होतं. ते बंद पडलं असतं तर कुनझेसला घरी नेणंही गावाच्या हातांवर आलं असतं, आणि ते हात त्याला आज नको होते.

रामबरनला लोसार नव्हता, त्याचं दुकान उघडं होतं.

"या भाईजी! शेवटी मुहूर्त लागला म्हणायचा." रामबरननं बॉनेट उघडलं. "इंजिन बंद करा. चालू गाडीत नाही काढत मी."

गुर्मेतचा हात किल्लीवर राहिला. हीटरचा वारा तिच्या रजईची कड हलवत होता.

"भाईजी?"

त्यानं किल्ली फिरवली. वारा थांबला.

"वहिनींना आत बसवा ना. बुखारी पेटलीय."

"नको. इथंच बरी आहे ती."

"झोपल्यात? झोपू द्या." रामबरननं आवाज खाली केला, आतून दोन ग्लास चहा आणून दिला आणि पाना घेऊन वाकला. जुनी बॅटरी काढून त्यानं भिंतीकडच्या भंगारात टाकली. गुर्मेतनं एक ग्लास हातात धरला. दुसरा डॅशबोर्डवर, तिच्यासमोर ठेवला.

"झालं," रामबरन बॉनेट लावत म्हणाला. "आता काही वर्षं बघायला नको. मारा किल्ली."

गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. डॅशबोर्डवरचा भरलेला ग्लास थरथरू लागला. तिच्या अंगावर सांडू नये म्हणून गुर्मेतनं तो हातानं धरून ठेवला.