सगळीकडे बदला

"मावशी, काचवा म्हणजे काय हो?"

प्रश्न भिंगरीने विचारला खरा, पण तो होता रस्त्यापलीकडे शाळेच्या फाटकाला टेकून उभ्या असलेल्या दोघी मैत्रिणींचा. "विचारून दाखव, तर तुला मानलं," असं ढापणी म्हणाली होती. शिडीने वर अट घातली होती, "हसायचं नाही. हसलीस की हरलीस." आणि अलीकडे भिंगरीला कुणी 'करून दाखव' म्हटलं, की तिचे पाय तिला विचारायला थांबत नसत.

शिवणयंत्रावर वाकलेल्या मावशींनी मान वर केली. ओठांत धरलेल्या दोन टाचण्या काढून मनगटावरच्या छोट्या उशीत खोचल्या आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"काय म्हणालीस?"

"काचवा. 'पानभर' स्पर्धेत सतरा नंबरचा लेख तुमचाच ना? त्यात आहे. 'खिडकीतून एक काचवा आत आला.' तो कासवाचा कोण लागतो?"

कासवाचं तिने स्वतःच्या पदरचं घातलं होतं. बाहेर गेल्यावर दोघींना सांगायला मजा येणार होती.

मावशी हसल्या नाहीत आणि चिडल्याही नाहीत. "तेच मलाही कळलेलं नाही बघ," त्या म्हणाल्या. "मी काजवा लिहिला होता."

"काजवा?"

"हो. चमकतो तो. आणि 'काचळी' छापलंय ना, तिथे दिव्याची काजळी होती. 'कामकाच' तर मी कशाला लिहीन? अख्ख्या लेखात जिथे म्हणून काज होतं तिथे काच झालंय."

"काज म्हणजे?" हा प्रश्न मात्र भिंगरीचा स्वतःचा होता. "कामकाजातलं काज?"

आता मावशी हसल्या. त्यांनी मांडीवरचा शर्ट उलगडला आणि बटण जिच्यातून जातं त्या चिरेवर बोट ठेवलं. "हे काज. अगं, दाराच्या काचेवर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय, वाचलं नाहीस?"

भिंगरीने दाराकडे पाहिलं. काचेवर बाहेरच्या बाजूने लाल रंगाने लिहिलेलं होतं. आतून अक्षरं उलटी दिसत होती, त्यामुळे एकेक जुळवत वाचावं लागलं. काज, बटण, चेन, फिटिंग. पहिलीपासून ती रोज या काचेसमोरून जात होती.

आणि मग तिला मावशींकडे वळून बघवेना.

कारण 'पानभर'चा संपादक म्हणजे तीच होती. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत वर्गात हजेरीला तिचा 'हजर' इतका हळू निघायचा, की बाई गैरहजेरी लावून मोकळ्या व्हायच्या. मग तिने ब्लॉग सुरू केला. ब्लॉगवर चार जण आले, चाराचे चाळीस झाले, आणि एक दिवस तिने जाहीर करून टाकलं: हौशी ब्लॉगवाल्यांसाठी आणि लेखकांसाठी स्पर्धा. पानभर लिहा, मेलने पाठवा. लेख नावाशिवाय, नुसत्या नंबराने छापले जातील. वाचक मतं देतील आणि संपादक शेरा देईल. सगळ्यात वर ठळक अक्षरांत तिने लिहिलं होतं, 'स्पर्धा खेळीमेळीची आहे, कुणी मनाला लावून घेऊ नये.' खाली सही, 'संपादक, पानभर'. वय लिहायची काही गरज नव्हती. तेवीस लेख आले. त्यातल्या दोघातिघांनी तिला 'आदरणीय महोदया' म्हटलं, तेव्हा ती आरशासमोर उभी राहून महोदयेसारखी मान डोलवून आली होती.

सतरावा लेख छापायला घेतला तेव्हा जेवायला हाका चालल्या होत्या. पहिलंच वाक्य होतं, 'काज कापताना हात थरथरला की सगळं वाया.' भिंगरी मनात म्हणाली, बाईंना 'काच' म्हणायचंय, बिचाऱ्यांचं चुकलंय. खाली बघितलं तर काज, काजं, काजाची, ओळीओळीला तीच चूक. एकेक कुठे सुधारत बसायचं? तिने 'शोधा'मध्ये 'काज' लिहिलं, 'बदला'मध्ये 'काच' लिहिलं आणि 'सगळीकडे बदला' हे बटण दाबलं. एकवीस ठिकाणी बदल झाला. पुढे न वाचताच तिने लेख छापला आणि जेवायला गेली.

पंधरा दिवसांनी शेरे लिहायला बसली, तोवर हे सगळं ती पार विसरली होती. काचवा आणि कामकाच वाचून तिला हसू आवरेना. तिने ऐटीत शेरा ठोकला: 'कल्पना बरी, शुद्धलेखन कच्चं. लिहून झाल्यावर एकदा तरी वाचावं.' त्या शेऱ्याने वाचकांना रान मोकळं मिळालं. 'शर्टाला आठ काचा? धुवायचा कसा?' 'या बाईंच्या नवऱ्याला टोचत नाही का?' भिंगरीने त्यातल्या प्रत्येकाला एकेक हसरा चेहरा पाठवला होता. निकालाबरोबर सगळ्यांची नावं जाहीर झाली. प्रशस्तिपत्रकांसाठी पत्ते लिहून घेताना ढापणी ओरडली होती, "अगं, ही तर आपल्या शाळेसमोरची शिवणवाली."

"तूही वाचतेस वाटतं ती स्पर्धा?" मावशी विचारत होत्या.

"हो. म्हणजे, वाचते मी."

"त्या संपादकबाई ओळखीच्या आहेत का तुझ्या?"

भिंगरीने मान हलवली. ती आडवी हलली की उभी, हे तिचं तिलाही कळलं नाही.

"शिकलेल्या असणार खूप," मावशी म्हणाल्या. "'लिहून झाल्यावर एकदा तरी वाचावं.' पाठच झालंय मला. मी चार वेळा वाचलं होतं गं. पण म्हटलं, त्या म्हणतात तर आपलंच बोट कुठेतरी पडलं असेल. फोन म्हणे आपल्या मनाने लिहितो."

"तुम्ही त्यांना कळवायचं ना."

"काय कळवू? मनाला लावून घेऊ नये असं वरच लिहिलंय. नाही लावून घेतलं." मावशींनी दोरा दाताने तोडला. "फक्त रविवारी लेक येणार आहे, तिला सांगणार आहे, ते माझ्या ब्लॉगचं सगळं काढून टाक म्हणून. तिनेच हौसेने करून दिला होता. सहा लेख झाले होते. पण आता लोक तिथे येऊन विचारतात, काचवाल्या बाई, आरसा कधी शिवताय? उद्या गिऱ्हाईकं वाचतील, लेकीच्या सासरचे वाचतील. बरं नाही दिसत."

एवढं बोलून त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर ओढला. "तुझं काही काम होतं का? तुझ्या स्कर्टची शिवण उसवलीये बघ, डाव्या बाजूला. थांब, दोन टाके घालते."

भिंगरी थांबली. थांबावंच लागलं, कारण मावशींनी खाली वाकून स्कर्टची कड हातात धरलीसुद्धा होती. दोन मिनिटं ती त्यांच्या डोक्यावरच्या पांढऱ्या भांगाकडे बघत उभी राहिली. 'ती संपादकबाई मीच' हे वाक्य तिच्या घशापर्यंत तीनदा आलं आणि तीनदा परत गेलं. शेवटी तोंडातून निघालं ते "थँक्यू मावशी" एवढंच.

रस्ता ओलांडताच शिडीने तिचा चेहरा न्याहाळला. "हसली नाहीस. जिंकलीस. मग, काचवा म्हणजे काय?"

"काजवा," भिंगरी म्हणाली आणि फाटकाशेजारच्या कठड्यावर बसून तिने सगळं सांगितलं.

दोघी आधी पोट धरून हसल्या. मग एकदम थांबल्या, कारण भिंगरी हसत नव्हती.

"एवढं काय त्यात," ढापणीने चष्मा पुसला. "गुपचूप दुरुस्त करून टाक. मावशींना वाटेल, फोन सुधारला."

"आणि सोमवारी तुला बिल्ला मिळणारे, विसरू नकोस," शिडी म्हणाली. "शाळेच्या अंकाची संपादक. मोठ्या बाईंनी भाषणही लिहिलंय म्हणे, तुझ्या स्पर्धेवर. आता तोंड उघडलंस तर त्या भाषणाचं काय करतील?"

भिंगरीला ते पटलं. निदान घरी जाईपर्यंत तरी पटलेलं होतं.

दप्तर टाकून ती संगणकासमोर बसली आणि मावशींचा मूळ मेल उघडला. काम दोन मिनिटांचं होतं, जुनं काढायचं आणि खरं चिकटवायचं. पण चिकटवण्याआधी, आयुष्यात पहिल्यांदा, ती सतरा नंबरचा मूळ लेख वाचायला लागली.

लेक लहान असताना एका संध्याकाळी वीज गेली. सकाळपर्यंत सहा शर्ट द्यायचे होते. मावशी कंदील लावून काजं करत बसल्या. कंदिलाच्या काचेवर काजळी धरली होती. खिडकीतून एक काजवा आत आला आणि मांडीवरच्या शर्टावर नेमका बटणांच्या रांगेत बसला. लेक म्हणाली, आई, हे बटण जळतंय. मग दोघी कितीतरी वेळ हलल्या नाहीत, काजवा उडून जाऊ नये म्हणून. आणि शेवटी लिहिलं होतं: 'काज म्हणजे चांगल्या कापडाला आपणच पाडलेलं भोक. फाटलेल्या जागेत आणि काजात फरक एवढाच, की काजाच्या कडेला कुणीतरी बसून टाके घातलेले असतात.'

भिंगरीने ते दोनदा वाचलं. कान गरम झाले. तेवीस लेखांत असं एकही वाक्य नव्हतं, तिच्या स्वतःच्या ब्लॉगवरही नव्हतं. आणि अख्ख्या लेखात 'काच' हा शब्द खरोखर एकदाच आला होता, कंदिलाची.

तिने लेख बदलला. आता वर लखलखीत लेख होता आणि खाली तिचाच शेरा, 'शुद्धलेखन कच्चं'. त्याच्या खाली लोकांची खीखी आणि तिचे हसरे चेहरे. शेराही पुसायला गेली आणि तिचं बोट अडलं. शेरा पुसला, शेरेबाजी पुसली, तर काय उरणार होतं? चूक नव्हतीच असं दिसलं असतं. पण मावशींना तो शेरा पाठ होता. त्यांच्या डोक्यातून तो कुठलं बटण दाबून काढायचा? त्या रविवारी लेकीला तेच सांगणार, काढून टाक. आणि त्यांना जन्मभर वाटत राहणार, की बोट आपलंच पडलं.

संध्याकाळी तिने अभ्यास केला, म्हणजे पुस्तक उघडं ठेवलं. जेवताना "आज रेडिओ बंद कसा?" असं बाबांनी विचारलं, तेव्हा तिने डोकं दुखत असल्याचं सांगितलं. झोपताना स्कर्ट घडी करून ठेवायला घेतला, तर डाव्या बाजूचे टाके बोटांना लागले. उसवलेली जागा कुठे होती ते शोधूनही सापडेना, इतके बारीक होते.

शनिवारी सकाळी बाबा ऑफिसला निघण्याच्या घाईत होते. शर्टाची बटणं लावून ते चहाला बसले, तर कॉलरची एक बाजू कानापाशी आणि दुसरी खांद्यावर.

"अहो, बघा जरा स्वतःकडे," आई म्हणाली. "पहिलंच बटण दुसऱ्या काजात घातलंय. आता सगळी सोडा."

भिंगरीच्या हातातला कप थबकला. "आई, तुला काज माहीत आहे?"

"माहीत नसायला काय झालं? बटणाचं काज. कुणालाही विचार."

कुणालाही. हाकेच्या अंतरावर आई होती त्या दिवशी, जेवायलाच बोलवत होती.

बाबा एकेक बटण सोडत होते. "ए महोदया, काल ऑफिसात तुझाच विषय होता बरं का. आमच्या साहेबांनी तुझी स्पर्धा वाचली. ते काचेच्या शर्टाचं वाचून तर पोट धरून हसले. मी म्हटलं, संपादक आमच्या घरात आहे. सोमवारी मी रजा टाकलीये, बिल्ला लावताना फोटो काढायला."

"बाबा, तो काचेचा शर्ट मी शिवलाय," भिंगरी म्हणाली.

मग तिने सांगितलं, शाळेसमोरच्या मावशींपासून टाक्यांपर्यंत. मध्ये एकदा आवाज हजेरीच्या वेळेसारखा अगदी बारीक झाला, तेव्हा आईने गॅस बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. भिंगरीने बाबांकडे बघायचं टाळलं आणि टेबलावरच्या चहाच्या गोल डागाकडे बघत राहिली.

बाबांचा हात तिसऱ्या बटणावर तसाच राहिला होता. "अगं, पण खेळीमेळीची स्पर्धा होती ना?" ते म्हणाले. "लेख नीट केलास, झालं की. सोमवार होऊ दे, मग सावकाश सांग त्या बाईंना. त्यांना तरी कुठे घाई आहे?"

"त्यांची लेक उद्या येणार आहे," भिंगरी म्हणाली.

"आणि तुझी लाज?" आईने विचारलं. रागाने नव्हे, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं. "सगळे तुला हसतील, त्याचं काय करणार आहेस?"

"ती कालपासून वाटतेच आहे गं. सांगून आणखी किती वाटेल?"

ती उठली. खुर्ची मागे सरकवली आणि कप मोरीत ठेवला. या खेपेला तिला 'करून दाखव' असं कुणीच म्हटलेलं नव्हतं.

"मावशी नऊला दुकान उघडतात. मी आत्ता जाऊन त्यांना सांगणार आहे, की संपादकबाई मीच. तिथून आल्यावर ब्लॉगवर लिहिणार आहे, माझ्या नावाने, वयासकट, की एकवीस चुका माझ्या आहेत. शेरा पुसणार नाही. त्याच्याखाली लिहिणार, हा शेरा संपादकाला लागू आहे. निकाल मी मागे घेतेय, मतं पुन्हा घेणार. आणि बाबा, तुम्ही सोमवारी रजा टाकू नका. मी बिल्ला घेणार नाहीये."