तांबीच्या काळजाचं माप

शिवय्याच्या नातीचं, शिवानीचं, बारसं झालं ते २००४ साल. मांडवात सरबताचा ग्लास फुटला आणि काचेनं तांबीचा पंजा कापला. म्हणून शिवय्या तिला घेऊन हुपरीहून राजारामपुरीत चौगुले डॉक्टरीणबाईंकडं गेला. तांबी कारवान जातीची कुत्री. कंबर मूठभर, छाती मात्र खोल.

पंजा बांधून झाल्यावर बाईंनी छातीला नळी लावली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग केस काढून, गार मलम लावून त्यांनी सोनोग्राफी केली. पडद्यावर काळीज उघडझाप करत होतं.

"डावा कप्पा मोठा झालाय. पळवू नका, बांधून ठेवा."

तांबी खुंट्याला आली. चार दिवसांत तिनं दूध-भाकरी टाकली. शिवय्याची बायको शांतव्वा म्हणाली, "काळजानं मरंल का ठावं न्हाय, दाव्यानं मरंल बघा."

शिवय्या पुन्हा बाईंच्या दारात. "बाई, हिला जन्मभर बांधायची व्हय?"

बाईंनी तक्ता उघडला. "माझ्या तक्त्यातली मापं दुसऱ्या जातींची आहेत. निरोगी कारवानचं काळीज केवढं असतं, ते मलाच ठाऊक नाही. निरोगी कुत्री आणा, मोजू, मग सांगते."

निरोगी कुत्रं दवाखान्यात कोण आणणार? नजर लागेल म्हणून मालक ते रस्त्यावरही काढत नाहीत. पण शिवय्या गावोगाव सांगत फिरला, "काळजाची मापं घ्यायची हायती." मापं म्हटल्यावर मालकांना ती चढाओढ वाटली आणि नजरेची भीती मागं पडली. रविवारी कोडोलीचा आकाराम हलगी वाजवतच आला. मागं सात-आठ मालक, कुत्र्यांच्या कपाळाला गुलाल.

"पैल्या नंबराला काय हाय?" आकारामानं विचारलं.

"कसला नंबर?" बाई म्हणाल्या.

"मग टेंबलाईच्या टेकडीपासनं पळवत आणली ती काय उगंच? अंग गरम व्हावं म्हणून की!"

बाईंनी कपाळाला हात लावला. धडधडणाऱ्या काळजाचं माप काय घेणार? "आधी ती हलगी बंद करा, पावणं. कुत्री सावलीत निजवा, आणि तुम्हीही गप बसा."

कुत्री लगेच निजली. मालकांना गप बसवायला दुपार झाली.

मग एकेक कुत्रं कुशीवर निजवून बाईंनी मापं घेतली. शेवटी पुन्हा तांबी. शिवय्या पडद्याकडं बघतच नव्हता, बाईंच्या तोंडाकडं बघत होता.

"सगळ्यांचंच मोठं आहे," बाई म्हणाल्या. "पळणारी जात आहे ही. तांबीचं ह्यांच्याच मापात बसतंय. माझं चुकलं, शिवय्या. सोडा तिला."

"म्हंजे नंबर कुणालाच न्हाय?" आकाराम खवळला. "मग आमाला बलीवलंस कशाला रं?"

"बलीवलं कुत्र्यास्नी हुतं, आकाराम. तू आपला संगं आलास."

संध्याकाळी ऊस तुटलेल्या रानात शिवय्यानं दावं काढलं. तांबी क्षणभर उभीच राहिली, मान वळवून त्याच्याकडं बघत. मग गेली. बांधावरून शांतव्वा ओरडली, "बघा, बघा की वो!" तोवर ती पार ओढ्यापाशी पोचली होती.

ते दावं पुढं वासराला झालं.

तांबी २०११ च्या माघात, म्हातारपणानं, उंबऱ्याशी निजल्या जागी मेली.