जांभळं पाणी

कुंडलिक गुरुजींनी अंड्याचा पांढरा भाग विहिरीच्या पाण्याच्या बाटलीत ओतला, बूच लावलं आणि बाटली हळूहळू हलवली. नुसत्या पाण्यात तपासणीचे थेंब टाकले तर रंग येत नव्हता. सकाळपासून घरी दोनदा करून पाहिलं होतं. शाळेतही ते असंच करायचे. रंग दिसला की पोरांना धडा कळायचा.

त्या विहिरीत दोन वर्षांपूर्वी अंजनाचा लहानगा मुलगा ऋषी बुडाला. तेव्हापासून वस्तीवर तिचं पाणी कुणी पीत नव्हतं. तीनदा उपसा झाला, तरी घोडेगावहून येणाऱ्या टँकरचीच वाट बघायची. टाकीला खास मातीची गाळणी बसवली तर पिऊ, इतपत लोक आता कबूल झाले होते. पण आधी डोळ्यांनी बघायचं होतं.

समाजमंदिराच्या ओट्यावर सगळे जमले.

"गुरुजी, परीक्षा नका घेऊ राव," खंडू म्हणाला. "मी तवाबी नापासच व्हतो."

गुरुजी हसले. ग्लासात थोडं पाणी घेऊन त्यांनी मोरचुदाचे आणि कॉस्टिक सोड्याचे थेंब टाकले. पाणी जांभळं झालं.

"पाण्यात प्रथिनं असली की हा रंग येतो. जिवांच्या अंगातली असतात ती. बेडूक, शेवाळ..."

बाटलीतल्या उरलेल्या पाण्यात त्यांनी आम्लात मुरवून, धुऊन वाळवलेली माती ढवळली. प्रथिनं मातीच्या कणांना धरून बसतात, हे सावकाश समजावलं. माती तळाशी बसल्यावर वरचं पाणी गाळून त्यात तेच थेंब टाकले. या वेळी नुसता फिकट निळा रंग आला.

"जमलं की," खंडू म्हणाला. "उद्याच बसवा गाळणी."

मागे बसलेली अंजना पुढे आली. ती पहिल्या ग्लासाकडे बघत होती.

"म्हंजी हाय त्यो पाण्यात. मी सांगत व्हते, तर समदी मला येडी म्हणायची."

"नाही अंजनाबाई, ते..."

अंड्याचं गुरुजींच्या ओठांवर आलं होतं. वस्ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"ही खालची माती टाकून देनार?"

"हो."

तिने पदर पसरला. गुरुजींनी बाटली उपडी केली. ओला गोळा पदरात पडला, तसा तिने खालून दुसरा हात लावला.

"लई जड झालाय," ती म्हणाली. "दोन वर्सांत वाढलाच असंल. नाय का गुरुजी?"

गुरुजींनी होकारार्थी मान डोलावली.