नदीवर टांगलेलं लाल कापड

मी फिरत्या दवाखान्याची नर्स होते तेव्हा सारावाकच्या आतल्या भागात रस्ते नव्हते. हेलिकॉप्टर नदीकाठच्या गोट्यांवर, शाळेच्या मैदानात, जागा मिळेल तिथे उतरायचं. आमचे कॅप्टन अझहारी आधी दोन घिरट्या घालायचेच.

मी चिडवायचे, "कॅप्टन, तोवर पेशंट बरा होऊन घरी जाईल."

"जाऊ दे. तार दिसत नाही, रिन्या. खांब शोध."

अख्खं गाव एका छपराखाली राहतं त्या लाँगहाऊसच्या ओसरीवर बसले की कॅप्टन गावकऱ्यांनाही हेच सांगायचे. लोक माना डोलवायचे आणि विसरायचे.

एका सकाळी वरच्या अंगाच्या वस्तीत सुबांग नावाची बाळंतीण अडल्याचा निरोप आला. पोचलो तेव्हा नेहमीचा काठ मोकळा दिसत होता. खांब कुठेच नव्हता.

"उतरा ना आता," मी म्हटलं. "सहा महिन्यांपूर्वी इथेच उतरलो होतो."

"सहा महिने माणसं हात बांधून बसतात होय?"

दुसऱ्या घिरटीत नदीच्या मधोमध एक लाल कापड दिसलं. नुसतं हवेत लटकलेलं. कॅप्टननी हेलिकॉप्टर वर घेतलं आणि नदीच्या बऱ्याच खालच्या अंगाला, कापणी झालेल्या शेतात उतरवलं. तिथून आम्हाला होडीने नेलं.

सुबांगला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. मग सगळं कळलं. पलीकडच्या मळ्यातली मिरीची पोती आणायला गावाने तार ओढली होती, दोन्ही टोकं झाडांना बांधून. मुखिया म्हणाला होता, हेलिकॉप्टरवाल्यांना दिसेल की. सुबांगच्या आईला ते पटलं नाही. लेकीजवळून उठून तिने भिंतीवरचं स्वतः विणलेलं पुआ, म्हणजे सणासुदीचं ते लाल कापड काढलं, तारेवरून पोती ओढायच्या दोरीला बांधलं आणि नदीच्या मध्यापर्यंत ओढत नेलं. दोन वर्षांचं विणकाम होतं ते.

"साधी चादर नव्हती का, इंडाई?" मी सुबांगच्या आईला विचारलं. तिकडे आईला इंडाई म्हणतात.

"होती. पांढरी. सकाळच्या धुक्यात पांढरं कोणाला दिसतंय?"

कॅप्टन दोन्ही हातांनी कॉफीचा पेला धरून बसले होते. पेला ठेवून ते उठले आणि त्यांनी स्वतः दोरी ओढून कापड परत आणलं. काठ उसवला होता. त्यांनी कितीतरी वेळ घड्या घातल्या.

"फाटलं, इंडाई."

"विणीन पुन्हा. तुम्ही जेवून जा."

कॅप्टनना जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्या वस्तीपर्यंत रस्ताही पोचला. गेल्या साली मी मोटारीने चार तासांत गेले. सगळा वेळ खिडकीला डोकं टेकून बसले होते, पण झाडांआडून नदी दिसलीच नाही. वरून तिचं एकेक वळण मला पाठ होतं.